मैत्रीचा धर्म आणि साक्षीचा धर्म

।। श्रीहरि ।।



श्रीपांडुरंगाच्या कृपेने आज चिंतनास जो विषय घेतला आहे, तो बांधावरून आला आहे, चावडीवरून आला आहे, आणि खरे सांगायचे तर प्रत्येक माळकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत कधी ना कधी येऊन गेलेला आहे. विषय असा की, मित्रासाठी माणसाने पाप करावे की नाही?

तुम्ही म्हणाल, ‘बोवा, यात विचारण्यासारखे काय आहे? पाप कोणासाठीच करू नये.’ बोलायला सोपे आहे हो! परका मनुष्य येऊन ‘माझ्यासाठी खोटे बोल’ म्हणाला, तर आपण त्याला ओसरीवरसुद्धा बसू देणार नाही. पण ज्याच्या शेजारी वीस वर्षे आळंदीहून पंढरीस चाललो, ज्याने आपल्या लेकराच्या दुखण्यात रात्र जागून काढली, आपल्या वडिलांच्या तिरडीला ज्याचा खांदा लागला, तो दारात येतो, मान खाली घालतो आणि म्हणतो, ‘एवढे एक काम कर.’ त्या वेळी ऐकलेली सगळी कीर्तने कोणत्या कोनाड्यात जाऊन बसतात, ते ज्याचे त्याला ठाऊक!

विषय हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग डोळ्यांपुढे धरू. हा एका गावचा नाही, पुष्कळ गावांचा आहे. वडील वारले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी सासरी नांदते, वर्षातून एकदा माहेरी येते. जमिनीवर वारसांची नावे लावायची आहेत. अर्ज झाला, प्रतिज्ञापत्र झाले. आता गावातल्या चार जाणत्यांचा जबाब पाहिजे. थोरला मुलगा आपल्या माळकरी मित्राकडे येतो आणि म्हणतो, ‘जबाबावर सही कर. बापाला आम्ही दोघे भाऊच, एवढेच लिहिले आहे. बहिणीचे नाव घातले तर तिचा नवरा उद्या वाटा मागायला उभा राहील. तुझ्या शब्दाला गावात किंमत आहे, तुझी सही असली म्हणजे कोणी विचारणार नाही.’

काय करावे त्या मित्राने?

राज्याचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिचा हक्क मुलासारखाच जन्मापासूनचा मानला. खोटा जबाब देणे हा गुन्हा आहे, हेही सर्वांस माहीत आहे. पण कायदा माहीत असूनही सह्या होतात, याचे कारण मैत्री. म्हणून आपल्याला मैत्रीचाच विचार केला पाहिजे.

प्रथम पूर्वपक्ष मांडू, आणि तो दुबळा करून मांडायचा नाही. पूर्वपक्षी म्हणतो, उपकाराची फेड करणे हा धर्म आहे. ज्याने माझ्यासाठी जीव टाकला, त्याच्यासाठी मी एक सही करू नये? मग मैत्री म्हणजे काय, पालखीत एकत्र भाकरी खाण्यापुरती? संकटात उपयोगी पडतो तो मित्र, असे सगळेच शिकवतात. आणि ही सही करून मला एक पैसा मिळणार नाही. ज्यात माझा स्वार्थ नाही, ते पाप कसले?

असा हा पक्ष आहे, आणि तो ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडतो. याला आधारही थोर माणसाचा देतात. ‘बोवा, कर्ण पाहा! दुर्योधन वाईट हे त्याला कळत नव्हते काय? पण अन्नाला आणि मैत्रीला जागला. श्रीकृष्णाने राज्य देऊ केले तरी फुटला नाही.’ कर्णाचे आख्यान लावले म्हणजे मंडपात डोळे पुसणारी माणसे मी पाहिली आहेत. कर्णासाठी डोळ्यांत पाणी यावे, असाच तो आहे. पण बाबांनो, कर्णाचे आख्यान अर्धे ऐकू नका.

द्यूतसभेकडे चला. द्रौपदीला सभेत ओढून आणले आहे. भीष्म बसले आहेत, द्रोण बसले आहेत. ती प्रश्न विचारते आहे आणि कोणी धड उत्तर देत नाही. त्या वेळी एक तरुण उभा राहतो. हा कोण? पांडवांच्या पक्षाचा नव्हे. दुर्योधनाचा सख्खा भाऊ, विकर्ण. तो भर सभेत सांगतो की हा अधर्म आहे, द्रौपदी जिंकली गेलेली नाही. आणि त्याला गप्प करायला कोण उठतो? कर्ण! विकर्णाला पोरकट ठरवून तो दुःशासनाला वस्त्रे ओढायला सांगतो. पाहा कसा उलटा न्याय झाला. रक्ताचा भाऊ ‘नको’ म्हणाला आणि जिवाचा मित्र ‘होऊ दे’ म्हणाला. दुर्योधनाचे खरे हित त्या क्षणी कोणाच्या तोंडून बोलत होते?

पुढे युद्ध झाले, तेव्हा विकर्ण भावाला सोडून गेला नाही. त्याच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून पडला. त्याला मारून भीमालाही वाईट वाटले, असे व्यासांनी सांगितले आहे. म्हणजे भावाच्या पापाला ‘नाही’ म्हणणे आणि भावाला टाकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. विकर्णाने पापात जीभ दिली नाही. संकटात प्राण दिला.

आता कर्णाकडे परत पाहा. कर्णाने मित्रासाठी आपला जीव दिला, देऊ केलेले राज्य नाकारले. ते त्याचे होते, त्याने दिले. त्याबद्दल त्याला कोण नावे ठेवील? पण द्रौपदीची अब्रू कर्णाच्या मालकीची होती काय? जी वस्तू आपली नव्हे, ती मित्राच्या ओंजळीत कशी घालता येईल? तोल गेला तो इथे.

सिद्धांत याच ठिकाणी हाती लागतो. मित्रासाठी आपले जे असेल ते द्यावे. धन द्यावे, धान्य द्यावे, श्रम द्यावे, वेळ आली तर मानही द्यावी. पण दुसऱ्याचे देऊ नये. आणि सत्य हे दुसऱ्याचे असते.

शंका येईल, सत्य दुसऱ्याचे कसे? मी बोलणार, जीभ माझी, सही माझी. व्याकरणाची थोडी मदत घेऊ. ‘साक्षी’ या शब्दाचा अर्थ जुने वैयाकरण असा करतात, की ज्याने साक्षात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो. जे घडले ते साक्षीने घडवलेले नसते. ते फक्त त्याच्या डोळ्यांत ठेव म्हणून राहिलेले असते. त्या बहिणीचा जन्म गावाने पाहिला. तिचे बारसे जेवलो, तिच्या लग्नात अक्षता टाकल्या. हे जे आपण पाहिले, ती तिची ठेव आपल्यापाशी आहे. ‘बापाला दोनच मुलगे’ म्हणून सही करणे म्हणजे तिची ठेव मित्राला देऊन टाकणे. ठेव बुडवणाऱ्या सावकाराला आपण काय म्हणतो? मग स्वतःला काय म्हणणार? आणि हे तर ठेव बुडवण्याहूनही पुढचे आहे. जिवंत बाई कागदावर मारायची आणि तिच्या मर्तिकाला सही करायची!

बहिणीने सगळे समजून, राजीखुशीने भावांना आपला वाटा सोडला, तर तो तिचा उदारपणा. त्यावर साक्ष घालायला हरकत नाही. पण द्यायचे असेल तर ते तिने द्यावे. तिच्या पाठीमागे आपण कोण देणारे?

आता पूर्वपक्षाचा तो मुद्दा, ‘मला एक पैसा मिळत नाही, मग पाप कसले?’ धर्मशास्त्राचा निवाडा असा, की करणारा, करवणारा, भरीस घालणारा आणि नुसती मान डोलावणारा, हे सगळेच कर्माचे वाटेकरी असतात. माळ घालताना आपण खोटे बोलणार नाही, परद्रव्याला शिवणार नाही, असे नेम घेतो. परद्रव्य आपल्या खिशात गेले नाही, मित्राच्या सातबाऱ्यात गेले, म्हणून नेम राहिला असे होईल काय?

या विषयावर आपल्या परंपरेत एक फार मोठे आख्यान आहे. ते विदुराने धृतराष्ट्राला सांगितले. का सांगितले, ते आधी ध्यानात घ्या. भावाच्या मुलांचा जमिनीचा वाटा पुत्रमोहाने देववत नव्हता, अशा म्हाताऱ्याला सांगितले. म्हणजे प्रसंग आपलाच! बांध मोठा होता इतकेच.

केशिनी नावाची एक राजस कन्या होती. तिच्या स्वयंवराच्या निमित्ताने प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि अंगिरस ऋषींचा पुत्र सुधन्वा यांची गाठ पडली. आपल्यात श्रेष्ठ कोण, यावरून दोघांचा वाद जुंपला. विरोचन सोने, गाई, घोडे पणाला लावू लागला. सुधन्वा म्हणाला, ते राहू दे तुझ्यापाशीच. आपण प्राण पणाला लावू. हरेल त्याचा प्राण जिंकणाऱ्याचा. ठरले. पण निवाडा कोणी करायचा? सुधन्वा म्हणाला, तुझ्या बापाकडे जाऊ. प्रल्हाद पोरासाठीसुद्धा खोटे बोलणार नाही.

काय विश्वास आहे पाहा! प्रतिपक्षाने आपल्याच बापाला पंच नेमावे, यापरती भक्ताची कीर्ती कोणती?

दोघे प्रल्हादापुढे आले. प्रल्हादाने पाहुण्यासाठी पाणी आणवले, मधुपर्क आणवला, गाय आणवली. सुधन्वा म्हणाला, आधी प्रश्नाचे उत्तर दे. प्रश्न ऐकला आणि प्रल्हादाच्या पायांखालची धरणी हलली. एकीकडे पोटचा मुलगा, दुसरीकडे समोर उभा राहिलेला ऋषिपुत्र; आमच्यासारख्याने निवाडा कसा द्यावा, असे तो म्हणाला. नृसिंहासाठी ज्याने खांबाकडे बोट दाखवले, तो प्रल्हाद इथे क्षणभर अडखळला. कारण तिथे स्वतःचा प्राण द्यायचा होता. इथे मुलाचा.

मग त्याने सुधन्व्यालाच विचारले, जो खरेही सांगत नाही आणि खोटेही सांगत नाही, जो निवाडा बिघडवतो, त्याची रात्र कशी जाते? सुधन्व्याने उत्तर दिले. सवत आलेल्या बाईची रात्र जशी जाते, जुगारात हरलेल्याची जाते, ओझ्याने अंग ठणकणाऱ्याची जाते, तशी त्याची जाते. वेशीचे दार बंद झालेले, पोटात भूक, भोवती वैरी, अशा माणसासारखा तो बाहेर राहतो. आणि सुधन्व्याने खोट्या साक्षीची चढती भाजणी लावली. जनावरासाठी खोटे बोलणाऱ्याला इतके पाप, गाईसाठी त्याहून अधिक, घोड्यासाठी, माणसासाठी, सोन्यासाठी आणखी अधिक. सगळ्यांच्या शेवटी त्याने काय ठेवले असेल? भूमी! भूमीसाठी जो खोटे बोलतो तो सर्वस्वाचा घात करतो.

माउली, भूमीचेच नाव शेवटी का? मला वाटते, गाय गेली तर दुसरी घेता येते, सोने गेले तर मिळवता येते. पण भूमी गेली म्हणजे पुढच्या पिढ्यांचे अन्न गेले. त्या बहिणीची अजून न जन्मलेली नातवंडेसुद्धा त्या एका सहीने उपाशी राहतात.

प्रल्हादाने ऐकले, आणि मुलाकडे वळून निवाडा दिला की अंगिरस माझ्याहून श्रेष्ठ आहेत, सुधन्वा तुझ्याहून श्रेष्ठ आहे. विरोचना, तू हरलास, आता तुझे प्राण याच्या स्वाधीन. निवाडा आधी पुरा दिला, आणि त्यानंतर बाप होऊन सुधन्व्यापाशी पदर पसरला, की माझा मुलगा मला परत दे. हा क्रम विसरू नका. आधी सत्य, मग याचना. सुधन्वा म्हणाला, मोहापायी तू खोटे बोलला नाहीस, धर्म धरलास, म्हणून तुझा मुलगा तुला देतो. त्याने या कन्येसमोर माझे पाय धुवावेत म्हणजे झाले.

कुळाने श्रेष्ठ कोण, हा त्या दोन पोरांचा प्रश्न लहान होता. न्यायाधीशाचा प्रश्न मोठा होता. प्रल्हादाने मुलाला खोटेपणाने वाचवले असते, तर तो जगला असता, पण मेलेल्या न्यायावर उभा राहून जगला असता. खरे बोलल्यामुळे मुलगाही राहिला आणि धर्मही राहिला. खरे बोलले की नेहमी असेच गोड होते, असे मी सांगत नाही. प्रल्हाद बोलला तेव्हा मुलगा परत मिळेल हे त्याला माहीत नव्हते. तो गेला असे धरूनच तो बोलला.

आता एक अवघड शंका राहते, ती टाळून पुढे जाता येणार नाही. कोणी विद्वान म्हणेल, ‘बोवा, महाभारतातच कौशिकाची कथा आहे. तो सत्यवचनी तपस्वी खरे बोलला आणि नरकात गेला!’ कथा खरी आहे. दरवडेखोरांच्या भयाने माणसे रानात लपली. दरवडेखोरांनी कौशिकाला विचारले, माणसे कुठे गेली? याने आपल्या नेमासाठी जागा दाखवली. माणसे मारली गेली आणि कौशिक अधोगतीस गेला. मग खोटे बोलायलाही शास्त्राची मुभा झाली ना?

ही कथा कोणी कोणाला आणि केव्हा सांगितली, ते पाहा. श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितली. अर्जुन आपल्या प्रतिज्ञेसाठी धर्मराजावर, थोरल्या भावावर, तलवार उपसून उभा राहिला तेव्हा. म्हणजे ही कथाच एका मित्राने दुसऱ्या मित्राचा हात धरून सांगितलेली आहे! अर्जुनाचा सखा असून देवाने त्याच्या तलवारीला धार लावून दिली नाही, मनगट धरले. मैत्रीचा धर्म शिकायचा तर या सख्याकडून शिकावा.

आणि कौशिकाच्या कथेची कसोटी आपल्या प्रसंगाला लावा. निरपराध जीव पुढे पळतो आहे, मारणारे मागे लागले आहेत. तिथे तोंड उघडू नये, हे बरोबर. तुमचा मित्र तसा पळत तुमच्या दारी आला असेल तर त्याला घरात घ्या, आणि मागे येणाऱ्यांना काही सांगू नका. पण मनाला एवढेच विचारा: माझ्या मित्राच्या मागे दरवडेखोर लागले आहेत, की या प्रकरणात मित्रच दरवडेखोरांच्या बाजूला उभा आहे? रानात लपलेला निरपराध कोण, भाऊ की बहीण? उत्तर अवघड नाही.

‘मग दामाजीपंतांनी राजाचे धान्य लोकांना वाटले, ते त्यांचे कुठे होते?’ असेही कोणी म्हणेल. मंगळवेढ्याची कोठारे फोडली ती भुकेने मरणाऱ्यांसाठी, सोयऱ्याधायऱ्यांच्या कणग्या भरण्यासाठी नव्हे. आणि पंतांनी काही लपवले नाही. खोटा हिशेब लिहिला नाही. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा स्वतःची मान घेऊन निघाले. ज्याला आपल्या कर्माची किंमत स्वतःच्या मानेने भरायची आहे, त्याची गोष्ट निराळी. आमचा जबाब मात्र ‘कोणाला कळणार नाही’ या भरवशावर उभा असतो.

तर मग मित्राला काय नुसते हात हलवत परत पाठवायचे? नाही, नाही! ‘पापाला भागीदार होणार नाही’ एवढे म्हणून जो दार लावतो, त्याने अर्धाच धर्म केला. इथे तुकोबारायांचे चरित्र आठवा. दुष्काळ पडला, संसारातून मन उठले, तेव्हा सावकारीची खते इंद्रायणीत बुडवायची त्यांनी ठरवले. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, माझ्या संसाराचे काय? चरित्रकार सांगतात, तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबाची वाटणी कान्होबाला दिली. फक्त आपली वाटणी डोहात सोडली. एवढ्या वैराग्याच्या भरातही दुसऱ्याचा अर्धा कागद बुडवला नाही! दानाचा हात कोठे थांबावा, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

म्हणून त्या मित्राला घरात बोलवा, बसवा, चहा द्या. चारचौघांत उपदेश करू नका. कीर्तनात टोमणा मारू नका. एकटा असताना सांगा, ‘बाबा रे, ही सही माझ्याने होणार नाही. तलाठ्याने विचारले तर आहे ते सांगेन. ताईला तू स्वतः कळव, आणि तू नाही कळवलेस तर मला कळवावे लागेल.’ शेवटचे वाक्य जड आहे. पण मी सही करत नाही आणि बोलतही नाही, असा मधला मार्ग काढू नका. भीष्मांनी सभेत तोच काढला होता. वेशीबाहेर रात्र काढणारा तो हाच मनुष्य.

आणि लगेच पुढे म्हणा, ‘चल, मी तुझ्याबरोबर ताईच्या घरी येतो.’ पुष्कळ वेळा भावाला बहिणीचे तोंड बघायची लाज वाटत असते, त्या लाजेतून हा खोटा कागद जन्मतो. तुम्ही मध्ये बसा. भाऊ कर्जात असेल तर तिला तसे सांगा. तिने सोडले तर तिचे उपकार माना. मागितले तर मोजून द्या. हप्ता कमी पडत असेल तर तुमच्या गाठीचे घाला, बी-बियाणे द्या, बैलजोडी द्या, चार दिवस त्याच्या रानात राबा. हे सगळे तुमचे आहे. हे देताना हात आखडता घ्याल, आणि सही मात्र फुकट म्हणून देऊन टाकाल, तर ती मैत्री नव्हे. तो स्वस्तात उपकार फेडण्याचा व्यवहार झाला.

एवढे करूनही मित्र रागावेल. कदाचित पुढल्या आषाढीला तो तुमच्या शेजारी चालणार नाही, दुसऱ्या दिंडीत नाव घालील. वाखरीला दिसला तर मान वळवील. हे दुःख लहान नाही, आणि ते होणार नाही असे खोटे आश्वासन मी देणार नाही. ही किंमत मात्र तुमची आहे, ती तुम्ही भरायची. तुम्ही भरली नाहीत, तर ती त्या बहिणीला भरावी लागते, आणि तिला कोणी विचारलेलेही नसते. त्याने बोलणे टाकले तरी तुम्ही टाकू नका. त्याच्या घरी दुखणे आले तर सगळ्यांच्या आधी जा. वाळवंटात समोर आला तर त्याच्या पाया पडा. आपला संप्रदाय लहानथोर न पाहता पायी लागायला शिकवतो, तो अशाच दिवसांसाठी.

मित्र हे सूर्याचेही नाव आहे. सूर्य आपल्यासाठी पुष्कळ करतो, पण आपले झाकून ठेवण्यासाठी तो कधी अंधार करीत नाही. त्याच्या उजेडात आपल्याला आपला कागद वाचता येतो, इतकेच. मित्राने मित्राला एवढा उजेड द्यावा.

सज्जनहो, पंढरीचा राणा विटेवर उभा आहे तो भक्ताचा सखा म्हणूनच. पण त्याच्या पायांवर भाऊ डोके ठेवतो तशी ती बहीणही ठेवते. दोघांचे डोके एकाच पायांवर टेकते, आणि मधे आपली सही आहे. ती सही दोघांनाही दाखवता येईल अशी असावी, एवढेच मागणे त्या मायबाप विठ्ठलाच्या चरणी करून ही वाक्सेवा पुरी करतो.

रामकृष्णहरि.